दोरीच्या तीन घड्या

आमच्या घराला पत्ता नव्हता. म्हणजे लोहारा तालुक्यातल्या एका गावात आमची पत्र्याची खोली होती, पण वर्षातले आठ महिने तिला कुलूप असायचं. बाकीचा संसार पालात. चार बांबू, वर ताडपत्री, समोर तीन दगडांची चूल. ते ज्या रस्त्याकडेला ठोकलं तो आमचा मुक्काम. आई-आप्पा केबलची चारी खोदायचे. कमरेएवढी खोल, फावडं फिरेल एवढी रुंद. चारी झाली की तिच्यात नारिंगी पाइप अंथरायचा, वर माती लोटायची, तुडवायची आणि पाल उचलून पुढं जायचं. असं करत करत उमरग्यापासून तुळजापूरपर्यंत आणि तिकडं तेरच्या पुढंपर्यंत हा जिल्हा आम्ही हाताखालून घातलाय.

मोठ्या रस्त्याला जेसीबी यायचा. पण गावात जिथं नळाचा पाइप आडवा येतो, कुणाचं गटार, कुणाची पायरी, कुणाचं तुळशीवृंदावन, तिथं जेसीबी चालत नाही. तिथं माणसं लागतात. ती माणसं आम्ही. काम जोडीनं मिळायचं. नवऱ्यानं टिकाव मारायचा, बायकोनं घमेल्यानं माती ओढायची. एकट्या माणसाला मुकादम कामावर उभंच करत नसे. उन्हाळ्यात काळी माती दगड होते आणि खाली मुरूम लागला की आप्पा पहार घ्यायचे. दिवसभर ठण ठण आवाज. आईच्या तळहाताला इतक्या भेगा होत्या की भाकरी थापताना पीठ त्यात बसायचं आणि ती काडीनं ते काढत बसायची.

एका गावात, गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं आता मला ओळखतात, एका दुकानाच्या पायरीपर्यंत चारी आली होती. दुकानात संगणक होता, फॉर्म भरून द्यायचे. त्याच दुकानासाठी ती केबल चालली होती. मी नऊ वर्षांची असेन. कॅन घेऊन गेले आणि म्हणाले, "काका, पाणी भरू का?" नळाला धार चालू होती. काका म्हणाले, "तिकडं जनावराचा हौद हाय, तिथनं घ्या." मी आप्पांकडं बघितलं. आप्पांनी टिकाव खाली ठेवला, माझ्या हातातला कॅन घेतला आणि हौदाकडं गेले. हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही. झालं ते झालं म्हणून सांगते.

त्याच गावात आणखी एक झालं. पाइप बघायला एक साहेब यायचा, टोपी घातलेला. आप्पांनी त्याला सहज विचारलं, "साहेब, इतक्या पाइपा आमी घातल्या, ह्याच्यातनं जातं तरी काय?"

साहेब बरोबरच्या माणसाकडं बघून हसला. म्हणाला, "उजेड जातो, उजेड. तुला कळून काय करायचंय?"

आप्पा संध्याकाळी चुलीपाशी आईला म्हणाले, "येडा समजतेत मला. पाइपातनं उजेड जातो म्हणं."

"मग तुमी तरी कशाला इचारावं?" आई म्हणाली.

त्यानंतर आप्पांनी कुठल्याच साहेबाला काही विचारलं नाही.

माझी शाळा तुकड्या-तुकड्यांची. सातवीपर्यंत पाच गावांत पाच शाळा. आठवीला धाराशिवच्या वसतिगृहात नाव लागलं (आप्पा अजूनही उस्मानाबादच म्हणतात) आणि तिथून मी हलले नाही. बी.एस्सी. झाले, संगणकशास्त्र घेऊन. आमच्या दोन्हीकडच्या नात्यात कॉलेजची पायरी चढलेलं माणूस नाही. प्रवेशाच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय लिहायचा होता. मी लिहिलं, केबलची चारी खोदणे.

कारकून म्हणाले, "अगं मजुरी लिही ना."

"मजुरी शंभर प्रकारची असते, सर. हे काम वेगळं आहे."

"जागा पुरत नाही."

"बारीक लिहिलंय."

त्यांनी शिक्का मारला.

पण पदवी हातात आली आणि एक वर्ष काही घडलं नाही. संगणकशास्त्र मी वहीत शिकले होते. प्रयोगशाळेतले निम्मे संगणक बंद, उरलेल्यांवर तिघी-तिघी. मग जिल्ह्याच्या ठिकाणी मुलामुलींना सायबर सुरक्षेचा एक मोफत वर्ग निघाला, आणि मी त्यात घुसले. घुसले हाच शब्द बरोबर. मुलाखतीत मला विचारलं, "लॅपटॉप आहे का?" मी म्हणाले, "नाही. पण लॅपटॉप असलेल्यांच्या आधी मी वर्गात बसलेली दिसेन." घेतलं.

त्याच उन्हाळ्यात आईची कंबर गेली. घमेलं उचलताना वाकली ती सरळ होईना. डॉक्टर म्हणाले, वजन उचलायचं नाही. मुकादम पालावर आला आणि आप्पांना म्हणाला, "जोडी फुटली की राव तुमची. पोरीला आणा. शिकून घरीच बसलीया न्हवं?"

मी तिथंच होते. त्याचं म्हणणं चूक नव्हतं. आप्पांना एकट्याला काम नव्हतं आणि मला नोकरी नव्हती.

आई पडल्या जागेवरून म्हणाली, "पोरगी येणार न्हाय. तिचं काय ते नेटवर्क चाळीस दिवसांचं हाय. तेवढे दिवस म्या ओढते."

"डॉक्टर काय म्हणला?" आप्पा म्हणाले.

"डॉक्टर ओढणार हाय का माती?"

ठरलं ते असं. चाळीस दिवसांनी आमच्या वर्गाची परीक्षा होती. पास झाले तर पुढं शिकायचं. नापास झाले तर दुसऱ्या दिवशी आईच्या हातातलं घमेलं माझ्या हातात. मला त्या घमेल्याची लाज नव्हती, आजही नाही. पण ते उचलायचं असेल तर मी ठरवून उचलीन, हरले म्हणून नाही.

वर्ग बसस्टँडपासून जवळ, एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर. सोळा खुर्च्या. शिकवायला निवृत्त फौजी सर. सैन्यात सिग्नलमध्ये होते, डोंगरावर तारा ओढलेल्या. पहिल्याच दिवशी म्हणाले, "हॅकिंग शिकायला कोण कोण आलंय? हात वर."

सोळाही हात वर.

"खाली करा. चाळीस दिवस त्याचं नाव काढायचं नाही. एक मशीन दुसऱ्या मशीनला हाक कशी मारतं, हाक कुठल्या वाटेनं जाते, मधे कोण कोण ऐकतं, हे आधी. चाळिसाव्या दिवशी बाहेरून परीक्षक येतील. जो पास होईल त्यालाच पुढचे चार महिने सुरक्षा शिकवीन. बाकीच्यांना राम राम."

माझ्या शेजारी एक इंजिनिअर झालेला मुलगा बसायचा. धाराशिवचाच, पुण्याला चार वर्षं राहून आलेला. तो पुटपुटला, "हे सगळं आम्हाला दुसऱ्या वर्षाला होतं." मला काहीच नव्हतं. मी वही उघडली.

तिसऱ्या दिवशी सरांनी आयपी पत्ता शिकवला. जाळ्यातल्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता असतो, चार आकडे, मधे टिंबं. त्यातून कळतं यंत्र कुठल्या जाळ्यातलं आणि त्यातलं कितवं. सरांनी प्रत्येकाला आपापल्या मशीनचा पत्ता टाकायला सांगितलं. माझं मशीन एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक या जाळ्यातलं सातवं. मी सात आधी लिहिला, मग एक, मग एकशे अडुसष्ट, शेवटी एकशे ब्याण्णव. आणि शेजारच्या मशीनला पिंग केलं. पिंग म्हणजे हाक मारून बघायची, आहेस का रे. काही उत्तर नाही. परत हाक. उत्तर नाही.

सर मागं येऊन उभे राहिले. "हे काय लिहिलंय?"

"पत्ता, सर."

"उलटा का?"

"आधी माणूस, सर. मग मुक्काम, पोस्ट, मग तालुका, जिल्हा. मशीन सात नंबरचं म्हणून सात आधी."

वर्ग फुटला. इंजिनिअर म्हणाला, "मुक्काम पोस्ट मशीन, तालुका राउटर, जिल्हा धाराशिव!"

"तुला पत्र येतं का रे कधी कुणाचं?" मी म्हणाले. मग वर्ग त्याला हसला. पण त्या दिवसापासून माझं नाव मु.पो. पडलं ते पडलंच. "मु.पो., पेन दे." "मु.पो., चहाला येतीस का?" मी ओ द्यायची. नावानं मला काही होत नाही. चारीवाल्यांची, पालातली, हौदावरची, सगळ्या नावांना ओ देऊन झालेली आहे.

सर एवढंच म्हणाले, "चूक दिशेची आहे, डोक्याची नाही. मोठ्याकडून लहानाकडं लिही." मी तसं लिहिलं. हाक मारली. शेजारच्या मशीननं चार वेळा ओ दिली. ते चार ओळींचं उत्तर मी वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं, कुणी मागितलं नव्हतं तरी.

एकदा सरांनी विचारलं, "नवीन फोन वायफायला जोडला की राउटर त्याला तात्पुरता पत्ता देतो. मुदत संपली की तो पत्ता काढून दुसऱ्याला देतो. कायमचा का देत नाही?"

मी म्हणाले, "आलेलं माणूस राहणार नाही हे त्याला माहीत असतं, सर."

"आणि प्रिंटरला कायमचा का?"

"त्याला शोधत लोक येतात."

सरांनी खडू खाली ठेवला. "बस खाली. बरोबर." इंजिनिअर माझ्याकडं बघत होता. त्याला ते पाठ होतं, पण का ते त्यानं कधी विचारलं नसावं. मला ते पाठ नव्हतं. तात्पुरता पत्ता घेऊन, मुदत संपली की पाल उचलून आम्ही पंधरा वर्षं काढली होती. ते मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

मग तारांचा दिवस आला. सरांनी पिशवीतून तांब्याच्या तारेचा तुकडा काढला, मग केसासारखी बारीक एक काच काढली. म्हणाले, लांबच्या केबलीत तांबं नसतं, ही काच असते. एका टोकाला त्यांनी छोटी बॅटरी लावली आणि दुसरं टोक टेबलावर धरलं. टोकावर ठिपका. लाल.

"वीज नाही, आवाज नाही," सर म्हणाले. "हिच्यातून उजेड जातो."

मी उठून बाहेर गेले. जिन्यात उभं राहून आप्पांना फोन लावला. मागं टिकावाचा आवाज येत होता.

"आप्पा, त्या टोपीवाल्या साहेबानं खरं सांगितलं होतं."

"कोन साहेब?"

"तुम्ही विचारलं होतं पाइपातनं काय जातं. उजेडच जातो, आप्पा. आत्ता डोळ्यांनी बघितला. काचेच्या तारेतनं."

आप्पांनी शेजारच्याला टिकाव थांबवायला सांगितलं. मग म्हणाले, "मग खरं सांगून हसला कशाला त्यो?"

वर्गात परत आले तेव्हा सर म्हणाले, "विचारून जायचं." मी म्हणाले, "चूक झाली, सर. पण फोन गरजेचा होता."

एवढं सगळं कळत होतं आणि तरी अठराव्या दिवशीच्या चाचणीत मला वीसपैकी चार मिळाले. सगळ्यांत कमी. अडलं ते सबनेटिंगपाशी. म्हणजे एका जाळ्यात दोनशे छप्पन पत्ते असतात, त्याचे लहान-लहान भाग पाडायचे, म्हणजे एका भागातली यंत्रं दुसऱ्या भागात डोकावणार नाहीत. वर्गात एक तक्ता दिला होता. किती भाग केले तर प्रत्येकात किती पत्ते, त्यातले वापरायचे किती. बाकीच्यांनी तक्ता पाठ केला. मला पाठच होईना. बत्तीस पत्ते आणि वापरायचे तीस, चौसष्ट पत्ते आणि वापरायचे बासष्ट. दोन कुठं जातात? सर म्हणाले, पहिला पत्ता त्या भागाची खूण असतो, शेवटचा सगळ्यांना एकदम हाक मारायला राखलेला. दोन्ही कुठल्या यंत्राला द्यायचे नाहीत. ऐकलं, वहीत लिहिलं, आणि पेपरात परत चुकलं.

पेपर हातात देताना सर म्हणाले, "बावीस दिवस आहेत." धमकी नव्हती. मोजून सांगितलं.

रविवारी मी पालावर गेले. काम तेरच्या पुढं एका गावात चाललं होतं. एसटीतून उतरून चालत गेले तर आई कमरेला जुन्या लुगड्याची पट्टी घट्ट बांधून माती ओढत होती. घमेलं अर्धंच भरायची आणि दुप्पट वेळा जायची. मी तिच्या हातातून घमेलं घेतलं. ती म्हणाली, "कपडे चांगले हायेत तुझे." मी म्हणाले, "धुता येतात."

सोमवारी सुट्टी होती म्हणून राहिले. आणि सकाळी मुकादमानं काम वाटलं ते बघितलं. लहानपणापासून रोज बघितलेलं. त्या दिवशी मात्र उभी राहून बघितलं.

मुकादमाकडं टेप असतो, पण तो टेप लावत नाही. जेवढी चारी दिवसात काढायची तेवढी दोरी तो रस्त्याकडेनं अंथरतो. मग दोरीची दोन टोकं एकत्र आणून घडी घालतो. दोन तुकडे. परत घडी, चार. परत घडी, आठ. जोड्या आठ होत्या. तीन घड्यांत वाटणी. दोरी परत सरळ करायची आणि जिथं जिथं घडी पडली तिथं चुन्याची खूण करायची. भांडणाला जागा नाही, कारण घडी खोटं बोलत नाही. आणि प्रत्येक तुकड्यातला पहिला हात आणि शेवटचा हात कुणी खोदायचा नाही. पहिल्या हातावर चुन्याची खूण असते, ती संध्याकाळच्या मोजणीपर्यंत राहिली पाहिजे. शेवटचा हात बांध म्हणून ठेवायचा. तो राखला नाही तर शेजारच्या जोडीची माती आपल्या चारीत ढासळते. मोजणी झाली की ते हात दोन्हीकडच्या जोड्या मिळून काढतात.

मी आप्पांपाशी गेले. ते पहारीला टेकून तंबाखू मळत होते.

"आप्पा, दोरी दोनशे छप्पन हात असली तर?"

"एवढी लांब दोरी कुठं असती का?"

"असली तर. तीन घड्या घातल्या. एका जोडीला किती?"

आप्पांनी डोळे मिटले. बोटं हलली, एकदा, दोनदा, तीनदा. "बत्तीस हात. खोदायचे तीस."

मी मातीच्या ढिगावर बसले. हा माणूस शाळेत एक दिवस गेलेला नाही. आणि जो तक्ता मला पाठ होत नव्हता तो त्याच्या बोटांत होता.

"का गं? चुकलं का?" आप्पा म्हणाले.

"न्हाय आप्पा. लई बरोबर हाय."

आई मागून आली. "सारखं वाटलं तर सोपं हाय की. परवा चारच जोड्या आल्या. ते नवीन लगीन झालेलं जोडपं हाय न्हवं, दणकट, त्यांना पहिल्या घडीतच अर्धी दोरी दिली. ऱ्हायलेल्या अर्ध्याला घडी घालून तुझ्या मावशीला. मग ऱ्हायली त्याला परत घड्या. मला पार शेपटाकडचा इवलासा तुकडा." आणि हसली. "मुकादमाला माझी कंबर कळती म्हण की."

परत येताना बसमध्ये मी तक्ता काढला आणि एकेक ओळ घडी घालून तपासली. एक घडी, एकशे अठ्ठावीस, वापरायचे एकशे सव्वीस. दोन घड्या, चौसष्ट, बासष्ट. सगळा तक्ता खरा होता. मी तो फाडून टाकला नाही, पण परत उघडलाही नाही. दप्तरात हातभर सुतळी ठेवली, आणि राहिलेले दिवस रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन वर्गात बसले. हे मी मुलाखतीत बोलले होते, म्हणून करणं भाग होतं.

चाळिसाव्या दिवशी बाहेरगावचे परीक्षक आले. शांत माणूस, चष्मा, शर्टाला घडी. लेखी पेपर झाला. मग एकेकाला मशीनवर बोलावलं. माझा नंबर आला तेव्हा मी सुतळी हातात घेऊन बसले होते. घड्या घालत होते.

परीक्षक थांबले. "हे काय आहे?"

"सुतळी, सर."

"ते दिसतंय. परीक्षेत बाहेरची वस्तू चालत नाही. यावर खुणा केल्यात का?"

"नाही सर."

"आत सांकेतिक काही?"

मागं कुणीतरी खुदकन हसलं. मी सुतळी टेबलावर त्यांच्यासमोर ठेवली. माझा आवाज थोडा चढला, ते खरं. "सर, कॉपी म्हणजे दुसऱ्याचं उचलणं. हे आमच्या घरचं आहे. दोरी तुमच्याकडं ठेवा, आणि पेपरात नाही असा प्रश्न विचारा."

फौजी सर दाराशी उभे होते. त्यांनी घसा खाकरला.

परीक्षकांनी कागद घेतला. म्हणाले, "ठीक. एक दवाखाना आहे. पत्ते दोनशे छप्पनच. पाहुण्यांच्या फोनना शंभर पत्ते लागतील. कामाच्या संगणकांना पन्नास. कॅमेऱ्यांना दहा. प्रिंटरना दहा. पाहुण्याच्या फोनवरून कॅमेरा दिसता कामा नये. करून दाखवा."

तक्त्यात सगळे भाग सारखे होते. असे लहान-मोठे भाग पाडणं आम्हाला अजून शिकवलेलं नव्हतं. इंजिनिअरला ते माहीत असणार, त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. मी डोळे मिटले नाहीत, पण बोटं हलवली.

"पहिली घडी," मी म्हणाले. "अर्धे, म्हणजे एकशे अठ्ठावीस, पाहुण्यांना. शंभर बसतात. राहिलेल्या अर्ध्याला घडी. चौसष्ट कामाच्या संगणकांना. पन्नास बसतात. राहिले चौसष्ट. त्याला दोन घड्या, सोळा-सोळाचे चार तुकडे. एक कॅमेऱ्यांना, एक प्रिंटरना. दोन वजा केले तरी चौदा उरतात, दहा बसतात. शेवटचे दोन तुकडे रिकामे ठेवते."

"रिकामे का?"

"उद्या नवीन जोडी आली तर."

"जोडी?"

"विभाग, सर. नवीन विभाग आला तर."

त्यांनी आकडे तपासले. दोनदा. "आता पाहुणा आणि कॅमेरा?"

मी राउटरवर नियम लिहिला, की पाहुण्यांच्या भागातून कॅमेऱ्यांच्या भागात काही जाऊ द्यायचं नाही. मग पाहुण्याच्या बाजूनं कॅमेऱ्याला हाक मारली. उत्तर नाही. परत मारली. उत्तर नाही. महिनाभर उत्तर यावं म्हणून धडपडले होते, आणि आता उत्तर येत नव्हतं याचा मला आनंद झाला. सुरक्षा म्हणजे काय ते मला त्या रिकाम्या ओळीत कळलं. हाक कुणाला पोचू द्यायची आणि कुणाला नाही, हे आपण ठरवायचं. आजवर ते आमच्यासाठी दुसरेच ठरवत आले होते.

"असमान वाटणी कुणी शिकवली?" परीक्षक म्हणाले. "हे तर पुढच्या भागात आहे."

"आईनं."

"त्या या क्षेत्रात आहेत?"

"व्हय, सर," मी म्हणाले. "चारी खोदतात. केबलची."

त्यांनी काहीतरी लिहिलं. उठताना सुतळी माझ्यासमोर सरकवली. मी म्हणाले, "राहू द्या सर. तुम्हाला लागेल." मी बोलून गेले. फौजी सर एकदम खिडकीबाहेर बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी दारावर यादी लागली. सोळापैकी अकरा पास. मी तिसरी. पहिली का नाही याचं मला वाईट वाटलं, हे लपवत नाही. इंजिनिअर दुसरा होता. माझ्याशेजारी उभा राहून म्हणाला, "मु.पो., ते घड्यांचं मला वहीत लिहून दे की."

"लिहून येत नाही. दोरी घेऊन ये."

"कधी आणू?"

"वर्गाच्या आधी ये. उशिरा आलास तर नाही सांगणार." आला. आठवडाभर आला, आणि नीट शिकला, असं म्हणायला हरकत नाही.

आप्पांना फोन केला. आप्पा म्हणाले, "म्हणजे आता काय?" मी म्हणाले, "म्हणजे मी येत नाही चारीवर. आणि आईनंही जायचं नाही." मागून आईचा आवाज आला, "मग ह्यांनी एकट्यानं काय करायचं?" आप्पा तिला म्हणाले, "मुकादमाला सांगतो, माझ्या भावासंगं माझी जोडी लाव. न्हाय लावली तर दुसरा मुकादम हाय." मी त्यांना एवढं ठाम बोलताना क्वचित ऐकलं होतं. चुलत्यांची बायको माहेरी गेली होती म्हणून ते मोकळेच होते. भावाभावांची जोडी मुकादमानं कुरकुर करत लावली.

पुढचे चार महिने मी पूर्ण केले आणि शेवटची परीक्षाही पास झाले. आज मी धाराशिवमध्ये एका खासगी कंपनीत नेटवर्क सुरक्षेचं काम करते. जिल्ह्यातल्या तीन दवाखान्यांचं नेटवर्क माझ्या देखरेखीखाली आहे. त्या परीक्षेपासून आईनं घमेलं उचललेलं नाही. महिन्याच्या पगाराची, कायमची अशी ही आमच्या घरातली पहिली नोकरी, आणि ती मी मिळवली.